सुलभाताईंचा पिवळ्या पंखांचा नाकतोडा

सुलभाताईंविषयी लिहिण्याचा अधिकार खरे तर माझा नाही. त्यांना माझ्याहून कितीतरी अधिक काळ आणि अधिक जवळून ओळखणारी माणसे येथे मॉरिसव्हिलमध्ये आहेत, न्यू जर्सीत आहेत, पुण्यात त्यांच्या दोन बहिणी आहेत. मी नोकरीची सारी वर्षे इतरांनी तयार केलेल्या सॉफ्टवेअरमधील दोष शोधण्यात घालवली. स्वतः होऊन काही लिहावे असा प्रसंग साठी उलटल्यावर प्रथमच येत आहे आणि तोही अशा कारणाने. शिवाय गेल्या महिन्यात माझ्या एका कृतीमुळे ताईंचे काही स्नेही दुखावले आहेत आणि ते बहुधा या पुरवणीचे वाचक आहेत. त्यांनी हे धाडस पोटात घालावे, एवढी विनंती करून सुरुवात करतो.

बातमी आली ती आमच्या रविवारच्या चालणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर. ताईंची मुलगी केतकी हिने सकाळी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या : आई पहाटे शांतपणे गेली, दर्शनाची वेळ नंतर कळवते. मी त्या वाचून पुढे काय लिहावे याचा विचार करीत असतानाच खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. एकाखाली एक, सगळे हात सारखे. त्यात माझेही हात असावेत, असे मला वाटले नाही, असे नाही... पण मी फोन पालथा ठेवला आणि चहा करायला उठलो. पत्नी मेधा म्हणाली, "अरे, निदान हात तरी जोड. लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, "थोड्या वेळाने जोडतो." ते राहूनच गेले.

ताईंशी माझी ओळख जुनी असली तरी परिचय एका उन्हाळ्याचा. त्यांनी न्यू जर्सीतील पिस्कॅटवेजवळच्या एका औषध कंपनीच्या गुणवत्ता-तपासणी प्रयोगशाळेत अनेक वर्षे काम केले होते. पतीच्या निधनानंतर मुलीच्या जवळ राहायचे म्हणून त्या नॉर्थ कॅरोलायनात आल्या आणि येथे येऊन नाकतोड्यांच्या मागे लागल्या. आमच्याकडे निवृत्तीनंतर पक्षी पाहणारे पुष्कळ आहेत, बागेत भेंडी-दोडके लावणारे त्याहून पुष्कळ. नाकतोडेच का, असे कुणी विचारले की त्या म्हणत, "पक्ष्यांना खूप माणसं आहेत हो. यांना कुणी नाही." लहान मुले त्यांना 'ग्रासहॉपर आजी' म्हणत आणि त्या हाकेला त्या अगदी गंभीरपणे ओ देत.

त्यांचे क्षेत्र म्हणजे त्यांच्या वसाहतीमागून जाणाऱ्या उच्च दाबाच्या वीजतारांखालचा उतार. तारांना फांद्या लागू नयेत म्हणून तेथे झाडे वाढू देत नाहीत. त्यामुळे दोन्ही बाजूंना पाइनचे दाट रान आणि मधोमध तांबड्या चिकणमातीवर उभ्या गवताचा एक लांबच लांब पट्टा. या भागात पूर्वी अशी गवताळ माळराने बरीच होती, आता जी उरली ती अशीच, तारांच्या कृपेने. ताई विजारीचे पाय मोज्यांत खोचून, डोक्यावर कुणा बँकेने फुकट दिलेली टोपी घालून तेथे उतरत. जाळीपेक्षा त्यांचा भरवसा टेकआऊटच्या जेवणाबरोबर येणाऱ्या पारदर्शक डब्यांवर. आपल्या घरांतून ते धुऊन जपून ठेवलेले असतातच. नाकतोडा गवतावर बसला की डबा हळूच वरून पालथा घालायचा, खालून झाकण सरकवायचे. मग तो डबा बर्फाची पिशवी ठेवलेल्या थैलीत थोडा वेळ ठेवायचा. गारव्याने नाकतोडा सुस्तावतो आणि भिंगातून नीट पाहू देतो. पाहून झाले की जेथून उचलला तेथेच सोडायचा. मारून टाचणीला लावणे त्यांना मान्य नव्हते. "बघायला म्हणून जायचं आणि यजमानालाच मारून यायचं, हे कुठलं आदरातिथ्य?" असे त्या म्हणत.

या जुलै महिन्यात एक प्रकार घडला. ताईंच्या आजाराचे निदान तोवर झालेले होते आणि ते सर्वांना ठाऊक होते. एका रविवारी आम्ही सगळे रस्त्याने चालत असताना त्या उतारावर उतरल्या आणि एक करडा, मातकट नाकतोडा त्यांच्या पायापासून टरटर आवाज करीत उडाला. उडताना त्याचे मागचे पंख उलगडले ते झगझगीत पिवळे, काळ्या पट्ट्याची किनार असलेले. आणि जमिनीवर टेकताच तो पुन्हा मातीचा झाला. ताईंना त्याचे एकच छायाचित्र मिळाले, तेही पाठीवरून. निसर्गातील नोंदी ठेवण्याचे एक ॲप त्या वापरीत. त्यावर आपण छायाचित्र टाकून जातीचे नाव सुचवायचे, इतरांनी स्वतः पारखून सहमती वा असहमती द्यायची. पुरेशा लोकांचे मत जुळले की नोंद पक्की होते. ताईंनी नाव दिले आणि गटावर सहज लिहिले की कुणी जाणकाराने पाहावे.

पाहिले कुणीच नाही. सहमती मात्र सगळ्यांनी दिली. आमचा नागपूरचा प्रसाद, येथे नुकताच नोकरीला आलेला, उत्साही मुलगा, त्याने गटावर लिहिले, "मावशीचा फाइंड आहे यार, सगळ्यांनी ॲप डाउनलोड करा नि अग्री करा!" आणि लोकांनी केले. ज्यांनी जन्मात नाकतोडा हातात धरला नव्हता, त्यांनीही केले. मेधाने तर माझ्यासमोर सोफ्यावर बसून केले. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. वडीलधाऱ्या माणसाने काही म्हटले की मान डोलवायची, कुणी केलेला पदार्थ चाखण्याआधीच छान झाला म्हणायचे, ही आपली रीत. आणि माणूस आजारी असेल तर विचारायलाच नको. संध्याकाळपर्यंत नोंद पक्की झाली, तिच्यावर हिरवे चिन्ह आले आणि खाली अभिनंदनांची फुले.

मी सहमती दिली नव्हती. त्यात बाणेदारपणा नव्हता. मला नाव पटले की नाही हेच मला कळत नव्हते आणि न कळणाऱ्या गोष्टीत आपले नाव घालण्याचा मला संकोच वाटतो. दोन दिवसांनी ताईंचा फोन आला. त्यांनी मला आजवर कधी फोन केला नव्हता, म्हणून मी उभा राहूनच बोललो.

"पाठक, तुम्ही का नाही दिलीत सहमती?"

"ताई, माफ करा, मी आत्ता देतो..."

"अहो, देऊ नका! का नाही दिलीत, ते विचारतेय."

"मला... मला माहीत नव्हतं."

मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी उतारावर याल का? मोजे लांब घाला. गोचिड्या आहेत."

त्या सकाळी त्यांनी मला नीट समजावून सांगितले की प्रश्न काय आहे. पिवळ्या पंखांच्या या नाकतोड्याच्या आपल्या भागात दोन जाती आढळतात. दोघी आर्फिया या एकाच प्रजातीतल्या आणि दिसायला बहिणी-बहिणी. त्यांना त्या वासंतिक आणि शारदीय म्हणत. पहिली पिल्लाच्या रूपात हिवाळा काढते आणि वसंतात पंख फुटून उडू लागते. दुसरी अंड्याच्या रूपात जमिनीत राहते आणि उन्हाळा कलताना, शरदात, मोठी होते. मे महिन्यात दिसली तर पहिली, ऑक्टोबरमध्ये दिसली तर दुसरी, इतके सोपे. पण जुलैत पहिलीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ एकमेकांत मिसळतात, तेव्हा महिन्याची साक्ष चालत नाही. तेव्हा चेहरा पाहावा लागतो. नाकतोड्याच्या चेहऱ्यावर मधोमध एक कंगोरा उतरतो. मिशांच्या मधल्या जागी तो वासंतिकेत निमुळता असतो, शारदीयेत रुंद. ताईंनी वासंतिक असे नाव दिले होते आणि त्यांच्या छायाचित्रात चेहराच नव्हता.

"मग तुम्ही नाव कशावरून दिलंत?" मी भीत भीत विचारले.

"हावरेपणानं," त्या म्हणाल्या. "या उतारावर मी वासंतिक अजून पाहिलेली नाही. आणि पुढचा वसंत मला मिळेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. म्हणून मला ती हवी होती. कुणीतरी म्हणायला हवं होतं, बाई, चेहरा कुठाय? एकानं म्हटलं नाही. आमच्या लॅबमध्ये एकाच्या सहीवर बॅच बाहेर जात नसे. दुसरा माणूस पहिल्याचे आकडे न बघता स्वतः सगळं करायचा, तेव्हा कुठे दुसरी सही. आणि इथे? लोकांनी मला मान दिला. मला मान नकोय पाठक, दुसरा डोळा हवाय. आजारी माणसाला कुणी चूक म्हणेनासं झालं ना, की तो गेल्यातच जमा."

हे त्या अगदी कोरड्या आवाजात, वाकून गवत चाळताना म्हणाल्या. नंतर त्यांनी ॲपवरील आपले नाव मागे घेतले आणि फक्त 'आर्फिया, जात अनिश्चित' असे ठेवले. आधीच्या सहमती काढून घ्यायला त्यांनी गटावर सर्वांना विनवले. बहुतेकांनी काढल्या, ताईंनी सांगितले म्हणून.

मग ऑगस्ट संपेपर्यंत आम्ही आठवड्यातून एक-दोनदा जात असू. पद्धत त्यांच्या प्रयोगशाळेची. डब्यातला नाकतोडा आधी मी पाहायचा, मग त्यांनी. पाहताना चकार शब्द काढायचा नाही, तोंडावर भावही आणायचा नाही. गाडीत येऊन बसल्यावर मी आधी सांगायचे, मग त्यांनी. मत जुळले तर नाव, नाही तर, "बारशाची घाई नको" असे म्हणून त्या थर्मासमधला बिनसाखरेचा चहा ओतत. पहिल्या खेपेस मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसंच असणार, ताई." त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. "मी अजून काही म्हटलेलंच नाही. कशाशी सहमत होताय? माझ्या टोपीशी?" त्यानंतर मी आधी बोलायला शिकलो. दोषांच्या शोधात उभी नोकरी गेली तरी हे मला कठीण होते. संगणकाला चुकलास म्हणणे सोपे असते. तो दुसऱ्या दिवशी घरी जेवायला येणार नसतो.

एकदा आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून एका डब्यात डोकावत होतो, तेव्हा कुत्रा फिरवायला आलेला एक गोरा गृहस्थ थांबला आणि त्याने काळजीने विचारले की आमचे काही हरवले आहे का. ताईंनी मान वर न करता इंग्रजीत उत्तर दिले, "नॉट येट." तो हसला. मीही हसलो आणि मग मला ते हसू गिळावे लागले.

त्या उन्हाळ्यात आम्हाला पुष्कळ नाकतोडे भेटले. हिरवे, तिरप्या कपाळाचे. काळ्या पंखांना फिकट काठ असलेले, ज्यांना उडताना पाहून फुलपाखराचा भास होतो. धुळीच्या रस्त्यावर बसणारे आणि गवतात शिरायला तयार नसणारे. पिवळ्या पंखांचा मात्र पुन्हा सापडला नाही. दोनदा टरटर ऐकू आली, दोनदा पिवळी झुळूक दिसली. डबा दोन्ही वेळा रिकामा. सप्टेंबरमध्ये ताईंचे उतारावर येणे थांबले. त्यांचा पलंग खालच्या खोलीत आणला गेला. भेटायला येणारे त्यांना सांगत की तब्येत सुधारलेली दिसते आणि त्या प्रत्येकाला विचारीत, "कशावरून?"

ऑक्टोबरच्या एका उन्हाच्या दुपारी मी एकटाच गेलो. गवत तांबूस झाले होते. पिवळ्या पंखांचा तो मला उताराच्या माथ्यावर सापडला आणि पहिल्याच प्रयत्नात डब्यात आला. अशा गोष्टी एकट्या माणसाला साधतात, याचे कारण मला माहीत नाही. गार करून, भिंग लावून मी त्याचा चेहरा पाहिला. कंगोरा मिशांच्या मध्ये चांगला रुंद होता. शंकेला जागा नव्हती. मी समोरून, बाजूने, वरून छायाचित्रे काढली, त्याला सोडले आणि गाडीत बराच वेळ बसून राहिलो. प्रश्न नाकतोड्याचा उरला नव्हता. पलंगावरच्या वृद्ध स्त्रीला, तिच्या घरी, तिच्या मुलीसमोर, तुम्ही चुकलात असे सांगायचे होते. असे वाक्य मी आजवर कुणाही वडीलधाऱ्याला म्हटलेले नव्हते... परत जावे, असेही वाटले.

केतकीने दार उघडले. ती येथेच जन्मलेली. मराठी सगळे समजते, बोलताना इंग्रजीकडे वळते. ताई उशीला टेकून बसल्या होत्या. मी छायाचित्रे न दाखवता, आमच्या नियमाप्रमाणे, आधी मत सांगितले. "ताई, उतारावरची जात शारदीय आहे. तुम्ही जुलैत दिलेलं नाव चुकलं होतं."

केतकी माझ्याकडे पाहतच राहिली. ताईंनी हात पुढे केला, फोन घेतला, छायाचित्र मोठे करून डोळ्यांजवळ नेले. पुष्कळ वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "चेहरा रुंद आहे. ही शारदीय. मान्य."

मी श्वास सोडला.

"पण हा ऑक्टोबरचा," त्या पुढे म्हणाल्या. "जुलैतल्याबद्दल हा काय साक्ष देणार? एका उतारावर दोघी नांदत नाहीत, असं कुठं लिहिलंय? माझं नाव चुकलं हे तुम्हाला अजून सिद्ध करता आलेलं नाही, पाठक. घाई केलीत."

"आई, जस्ट लेट हिम विन वन," केतकी म्हणाली.

"का? तो काय लहान आहे?" ताईंना खोकला येईपर्यंत हसू आले. खोकला थांबल्यावर त्या मला म्हणाल्या, "पण सांगितलंत. बरं वाटलं." आणि मग, जणू औषधाची वेळ सांगावी तशा सुरात, "मे महिन्यात बघावं लागेल. जो सापडेल त्याचा चेहरा बघायचा. निमुळता निघाला तर दोघी आहेत. मग माझं जुलैचं नाव निदान शक्यतेत राहील. नाहीच सापडला, तर तेही लिहून टाका." ही आमची शेवटची भेट. त्या महिन्याच्या अखेरीस त्या गेल्या.

शोकसभा देवळाच्या सभागृहात झाली. बोलणारे चांगले बोलले. प्रसादला बोलताना भरून आले. त्याला ताईंनी पहिल्या हिवाळ्यात जेवणाचे डबे पाठवले होते, हे मला तेव्हा कळले. शेवटी त्यानेच सुचवले की ताईंची ती नोंद अजून अनिश्चित म्हणून पडून आहे, तर आपण सर्वांनी मिळून त्यांनी आधी दिलेल्या नावाने ती पक्की करावी, हीच खरी श्रद्धांजली. "काही नाही, फक्त एक क्लिक आहे," तो म्हणाला. सभागृहात फोन निघाले. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांना क्लिक कुठे करायचे ते दिसेना, तेव्हा त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी माझा चष्मा काढून त्यांना दिला. उठून काही बोलणे मला जमले नाही. पाहता पाहता नोंदीवर वासंतिकेचे नाव आणि हिरवे चिन्ह परत आले.

घरी आल्यावर मी माझे मत नोंदवले : आर्फिया, जात अनिश्चित, चेहरा दिसत नाही. एवढ्याने ते चिन्ह गेले नाही. नोंदीखाली फक्त एक बारीक ओळ आली, एका सदस्याची असहमती. ती ओळ लोकांनी वाचली. गटावर कुणीतरी लिहिले की गेलेल्या माणसाशी वाद घालणारे आजच पाहिले. मेधा दोन दिवस माझ्याशी जरुरीपुरतेच बोलली. मग केतकीचा फोन आला.

"काका, आईच्या रेकॉर्डवर तुम्ही डिसअग्री केलंत?"

मी हो म्हणालो.

"सो वॉज शी राइट ऑर राँग?"

"मला माहीत नाही, बेटा. त्यांनाही नव्हतं. मेमध्ये कळेल, कदाचित."

ती "ओके," म्हणाली आणि तिने फोन ठेवला. त्या ओकेचा अर्थ काय घ्यायचा, हे मी ठरवलेले नाही. तिच्या आईने मला तेवढी शिस्त लावली आहे.

मी हे लिहिले ते स्वतःची बाजू मांडण्यासाठी, असे कुणाला वाटल्यास ते अगदीच चूक नाही. पण एवढेच कारण नाही. मे महिन्यात मी त्या उतारावर जाणार आहे. नाकतोडा सापडला तर त्याचा चेहरा पाहीन. पण मला तो निमुळता दिसावा अशी इच्छा आहे, हे मला आत्तापासूनच कळते आहे आणि ज्याला काहीतरी हवे असते त्याचा डोळा एकट्याने भरवशाचा नसतो. माझ्याआधी किंवा माझ्यानंतर पाहून, माझे मत न विचारता स्वतःचे सांगेल असे कुणीतरी बरोबर हवे. नाकतोड्यांची माहिती असण्याची गरज नाही. कंगोरा कसा पाहायचा ते दहा मिनिटांत समजते. ज्यांनी सभागृहात क्लिक केले त्यांनी आले तर मला अधिक बरे वाटेल. लांब मोजे घालावेत. चहा माझ्याकडे असेल.

तुमच्यापैकी कोण येईल?